डोकं शिणतं तेव्हा झाडाखाली नेमकं काय घडतं

‘जरा नदीवर जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडलेला माणूस तासाभरानं घरी येतो, तेव्हा त्याचं कर्ज फिटलेलं नसतं, मुलीचं लग्न ठरलेलं नसतं, साहेबांचा स्वभावही बदललेला नसतो. तरीसुद्धा जाताना होता त्यापेक्षा तो जरा सैल होऊन येतो. दोन घास नीट खातो, घरच्यांशी धड बोलतो, रात्री डोळा लागतो. सांगलीत हे कुणाला सांगावं लागत नाही. कृष्णेचा घाट, आमराई, हरिपूरचा संगम इथं रोज सकाळ-संध्याकाळ दिसणारी माणसं काही फक्त वजन कमी करायला येत नाहीत.

पण त्या तासाभरात डोक्यात आणि शरीरात नेमकं काय होतं? गेली चाळीसेक वर्षं जगभरातले अभ्यासक हे तपासत आहेत आणि बऱ्याच गोष्टी आता नीट कळल्या आहेत. त्या समजल्या की निसर्गाकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे दोन्ही उमगतं. मला दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा वाटतो. ‘झाडांमध्ये जा, सगळं बरं होईल’ असं सांगणारे खूप आहेत आणि खरोखर आजारी असलेल्या माणसाचं त्या सल्ल्यानं नुकसान होतं.

दारं धरून दमलेलं डोकं

रात्री वीज आली की उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाचं काम आठवा. पाटाचं पाणी एका सरीत न्यायचं, तर बाकीच्या सऱ्यांची तोंडं मातीनं बुजवून ठेवावी लागतात. यालाच दारं धरणं म्हणतात. पाणी हव्या त्या सरीत पळत असतं आणि बाकी सगळीकडं मातीला ढोसत असतं. एक दार फुटलं की खोरं घेऊन धावायचं, ते बुजवेपर्यंत दुसरं फुटतं. दमछाक होते ती पाणी सोडण्यात नाही, अडवून धरण्यात.

माणसाचं लक्ष असंच चालतं. बँकेच्या काउंटरवरच्या मुलीला पैसे मोजायचे असतात. त्याच वेळी रांगेतली कुरबुर, पर्समध्ये थरथरणारा फोन, घरी तापानं फणफणलेलं बाळ, हे सगळं मनात घुसायला बघत असतं. ते बाहेर ठेवण्यासाठी मेंदूला सतत जोर लावावा लागतो. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, तिन्ही पाळ्यांत काम करणारी नर्स, हळदीच्या सौद्यात उभा असलेला अडत्या, सगळ्यांचं तेच. संध्याकाळपर्यंत हा जोर संपतो. मग माणूस चिडचिडा होतो, साधी बेरीज चुकते, कुठल्या खोलीत कशाला आलो ते आठवत नाही, जेवायला काय करायचं याचाही निर्णय होत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं हा विचार १९८९ साली सविस्तर मांडला. त्यांचं म्हणणं असं, की आपलं लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक जाणूनबुजून, जोर लावून दिलेलं. ते थकतं. दुसरं आपोआप वेधलं जाणारं, त्याला कष्ट पडत नाहीत. पहिलं थकल्यावर त्याला विश्रांती द्यायची, तर दुसऱ्याला कामाला लावायचं. झोप हा एक मार्ग आहेच. जागेपणी हे काम निसर्ग फार चांगलं करतो.

आता कुणी म्हणेल, मोबाईलवरचे व्हिडिओसुद्धा लक्ष आपोआप ओढतात, मग तेच का बघू नयेत? ते ओढतात हे खरं, पण मान धरून ओढतात. दर काही सेकंदाला नवं काही, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. क्रिकेटचं शेवटचं षटकही तसंच. त्यात मजा असते, विसावा नसतो. कॅप्लन म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे: लक्ष गुंतलेलं असावं, पण हलकेच, म्हणजे आत मनाला हातपाय पसरायला जागा उरते.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल, तर पावसाळ्यात एखाद्या विहिरीवर ओणवलेल्या बाभळीपाशी उभे राहा, जिथं सुगरणीचे खोपे लोंबतात. पिवळ्या डोक्याचा नर उसाच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो आणि पट्टीचं टोक धरून उडतो, तशी ती लांबच लांब सोलत येते. मग फांदीला उलटा लटकून तो ती पट्टी आत-बाहेर ओवत बसतो. खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसायला लागला, की पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी येते, आत शिरते, विणकाम ओढून बघते. पसंत पडलं तर नर पुढची नळी विणून खोपा पुरा करतो. नाही पडलं, तर तो खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो आणि नर शेजारी दुसरा विणायला घेतो. एकेका झाडावर असे कितीतरी अर्धे खोपे दिसतात. दहा मिनिटं हे बघत उभं राहिलं, तर मध्येच घरचा विचार येतो, जातो. उद्याच्या कामाची आठवण येते, तीही जाते. काही अडवावं लागत नाही. दारं सोडून दिलेली असतात.

कॅप्लनची ही कल्पना कागदावरच राहिली नाही. मिशिगन विद्यापीठातच मार्क बर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. त्यांचा शोधनिबंध २००८ साली आला. आधी सगळ्यांना आकड्यांची मालिका ऐकवून ती उलट्या क्रमानं म्हणायला लावली. हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड असतं, कारण त्यात लक्षाला भरपूर जोर लागतो. मग काहींना झाडांनी भरलेल्या उद्यानात चालायला पाठवलं, काहींना शहरातल्या गर्दीच्या रस्त्यानं. अंतर तेवढंच. आठवड्याभरानं दोन्ही गटांची अदलाबदल केली. उद्यानातून आल्यावर आकडे उलटे म्हणण्यात सुमारे २० टक्के सुधारणा दिसली, शहरातून चालून आल्यावर तशी दिसली नाही. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. काही जण कडाक्याच्या थंडीत चालले, त्यांना ते चालणं मुळीच आवडलं नाही, तरीही फायदा तेवढाच झाला. म्हणजे मन रमलं, छान वाटलं, म्हणून डोकं ताजंतवानं झालं, एवढंच हे नाही. लक्षाला मिळालेली सुट्टी स्वतंत्रपणे काम करते.

यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. काहींत फायदा स्पष्ट दिसला, काही चाचण्यांत फारसा दिसला नाही. त्यामुळे ‘उद्यानात फिरा, परीक्षेत पहिले या’ असा अर्थ कुणी काढू नये. पण अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत मुलानं फोन उघडण्याऐवजी गच्चीवर जाऊन आभाळाकडं बघावं, एवढं सांगायला हा पुरावा पुरेसा आहे.

शरीर आधी शांत होतं

डोक्याचं झालं. शरीराचं काम त्याहून लवकर सुरू होतं. धोका जाणवला की आपलं शरीर पळायला किंवा भिडायला सज्ज होतं: छातीत धडधड, स्नायू ताठ, तळहाताला घाम, रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं. वाघ समोर असेल तर हे उपयोगाचं. पण वसुलीवाल्याचा फोन आला तरी शरीर हेच करतं आणि तो फोन रोज येत असेल, तर ही सज्जता उतरतच नाही. झोप उडते, पित्त वाढतं, रक्तदाब चढा राहतो.

रॉजर उलरिच या अमेरिकन अभ्यासकांनी हा धागा पकडला. त्यांचा १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास आजही सगळे सांगतात, कारण तो साधा आणि चोख आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी काढल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींतून समोरच्या इमारतीची विटांची भिंत. वय, लिंग, वजन अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावून त्यांनी तुलना केली. झाडं दिसणारे रुग्ण जवळपास पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना वेदनाशामक तीव्र औषधं कमी लागली आणि परिचारिकांच्या नोंदवहीत त्यांच्याबद्दल ‘रडतोय’, ‘फार धीर द्यावा लागतो’ अशा नोंदी कमी होत्या. कुणी त्यांना फिरायला नेलं नव्हतं. फक्त खिडकी होती.

हे वाचलं की मला मिरज आठवते. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू केलेल्या रुग्णालयापासून हे गाव दवाखान्यांचं गाव झालं. कर्नाटकातल्या खेड्यांतूनही माणसं इथं पेशंट घेऊन येतात. आत पेशंट, बाहेर नातेवाईक. कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या आवारात बघा, गुलमोहर असो की कडुनिंब, त्याच्या बुंध्याभोवती डबे, चादरी आणि माणसं. ती सावलीसाठी बसतात हे खरंच. पण चार-चार रात्री जागलेल्या बाईला आयसीयूच्या दारापेक्षा त्या झाडाखाली जरा बरं वाटत असेल, तर तिच्या शरीरानं ती जागा बरोबर ओळखलेली असते. दवाखाना बांधताना पार्किंगसाठी पहिल्यांदा झाड तोडलं जातं, तेव्हा उपचाराचाच एक भाग तोडला जातोय असं मला मनापासून वाटतं.

उलरिच यांनी पुढं विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी अपघातांची अंगावर काटा आणणारी फीत दाखवली, मग काहींना निसर्गाची आणि काहींना शहरी रस्त्यांची दृश्यं. निसर्ग बघणाऱ्यांचा रक्तदाब आणि स्नायूंचा ताण काही मिनिटांतच आणि अधिक उतरला. मिनिटांत, दिवसांत नव्हे. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतली झाडाखालची बैठकही वाया जात नाही.

जपानमध्ये १९८२ साली तिथल्या वनखात्यानं ‘शिनरिन-योकू’ ही मोहीम सुरू केली. त्याचा अर्थ जंगलात जाऊन पंचेंद्रियांनी त्याचा अनुभव घेणं. तिथल्या अभ्यासकांनी झाडांच्या गंधद्रव्यांचा रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हेही पाहिलं. निष्कर्ष आशादायक आहेत, पण तपासलेली माणसं थोडी होती. मी त्याच्यावर फार भार टाकणार नाही.

सकाळच्या उजेडाचं मात्र पक्कं आहे. डोळ्यांवर सकाळचं ऊन पडलं की शरीराचं घड्याळ जुळतं, रात्री झोप वेळेवर येते. झोप सुधारली की निम्मी लढाई सोपी होते. आमराईत सहाला येणाऱ्या आजोबांना हा फायदा फुकटात मिळतो.

तेच ते दळण

खिन्नतेत माणसाला सर्वांत जास्त छळतं ते दुःखापेक्षा त्याचं दळण. ‘मी त्या वेळी असं का बोललो’, ‘माझ्याच वाट्याला का’, ‘लोक काय म्हणत असतील’. जातं रिकामं फिरत राहतं, पीठ काही पडत नाही. ही सवय नैराश्याला खतपाणी घालते, हे मानसोपचारात चांगलं माहीत आहे.

ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली स्टॅनफर्डमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३८ निरोगी शहरी माणसं होती. निम्मी दीड तास ओकच्या झाडांच्या गवताळ भागात चालली, निम्मी दीड तास भरधाव वाहनांच्या रस्त्याच्या कडेनं. झाडांमधून आलेल्यांनी स्वतःच सांगितलं की नकारात्मक विचारांचं घोळणं कमी झालं. मेंदूच्या तपासणीतही कपाळाच्या मागच्या एका छोट्या भागातली हालचाल उतरलेली दिसली. हा भाग अशा आत वळलेल्या, उदास विचारांच्या वेळी जास्त काम करतो. रस्त्याकडेनं चालणाऱ्यांत हे दोन्ही दिसलं नाही. म्हणजे नुसतं चालणं हेच सगळं कारण नव्हतं.

का होतं असं? माझ्या समजुतीप्रमाणे, निसर्गात लक्ष बाहेर जायला वाट मिळते. संध्याकाळी घाटाच्या वर तारेवर बसलेला वेडा राघू बघा. हिरवागार, शेपटीतून निघालेली काडी. एकदम तारेवरून सुटतो, हवेत गिरकी घेऊन माशी पकडतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन ती आपटून आपटून मारतो, मग गिळतो. तो पुन्हा कधी सुटेल याची आपण वाट बघतो आणि तेवढा वेळ ‘मी’ बाजूला राहतो.

किती वेळ, आणि कसा

इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ साली आला. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ बागेत, रानात, समुद्राकाठी घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. दोन तास एकदम घालवले की रोज थोडे थोडे, यानं फरक पडला नाही. दीर्घ आजार असलेल्यांतही हा संबंध दिसला. मात्र एक सावधगिरी हवी: जे मुळातच धडधाकट, आनंदी आहेत ते जास्त बाहेर पडतात, असंही असू शकतं. अशा सर्वेक्षणातून कार्य कुठलं आणि कारण कुठलं, हे पूर्ण सुटत नाही. म्हणून १२० हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा धरू नये. दिवसाला वीसेक मिनिटं हा त्याचा सोपा हिशेब, इतकंच.

मला वेळेपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो बघण्याचा प्रकार. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या होली-ॲन पासमोर आणि मार्क होल्डर यांनी विद्यार्थ्यांना दोन आठवडे एक सोपं काम दिलं. रोजच्या धावपळीत दिसणारा निसर्ग टिपायचा, फोटो काढायचा आणि तो बघून काय वाटलं ते लिहायचं. दुसऱ्या गटानं माणसानं बनवलेल्या वस्तू टिपायच्या. तिसऱ्यानं नेहमीसारखं राहायचं. जादा वेळ बाहेर घालवा असं कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी निसर्ग टिपणाऱ्यांना अधिक प्रसन्न वाटलं आणि इतर माणसांशीही अधिक जोडलेलं वाटलं.

यातून आपल्याला घेण्यासारखं भरपूर आहे. वर्षातून एकदा सप्टेंबरात कासला जायचं, वाहनांच्या रांगेत तीन तास काढायचे, फुलांसमोर सेल्फी घ्यायची आणि दमून परत यायचं, यापेक्षा आपल्या गल्लीतल्या शिरीषाला पालवी कधी फुटते हे माहीत असणं मनाला जास्त पोसतं. फेब्रुवारीत दंडोबाच्या डोंगराकडं जाताना पळस पेटलेला दिसतो का, एप्रिलमध्ये कुठल्या कुंपणावर बहावा लोंबतो, वळीव पडायच्या आधी मुंग्या अंडी घेऊन कुठं चालल्या, हे बघायला पैसा लागत नाही. ज्यांना घरातून बाहेर पडता येत नाही, अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळायचं असतं, त्यांनी कॉट खिडकीकडं वळवावी. तुळशीला पाणी घालताना तेवढी दोन मिनिटं तुळशीकडंच बघावं, मंजिरीवर कुठली माशी बसते ते पाहावं. हे क्षुल्लक वाटेल, पण वर सांगितलेले प्रयोग याच गोष्टीचे आहेत.

फिरायला जाताना थोडं भान मात्र हवं. कृष्णेत भिलवडी, औदुंबर परिसरात मगरी आहेत, तिथं पाण्यात पाय सोडून बसू नये. शिराळा, वाळवा भागात अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं चालू नये, बिबट्याचा वावर असतो.

पण आम्ही तर शेतातच असतो

हा प्रश्न गावाकडं हमखास येतो आणि तो खरा आहे. दिवसभर मातीत राबणाऱ्या माणसाला निसर्गाचा फायदा आपोआप मिळायला हवा. मग तासगावचा द्राक्षबागायतदार रात्र रात्र जागा का असतो?

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आलेली असते आणि आभाळ भरून येतं. शहरातला माणूस म्हणतो, काय सुंदर ढग आलेत. बागायतदाराला त्या ढगात डावणी हा बुरशीचा रोग दिसतो, घडकूज दिसते, सोसायटीचं कर्ज दिसतं. पहाटे दव पडायच्या आत फवारा घ्यायचा, दुपारी पाऊस आला की पुन्हा घ्यायचा. त्याचं लक्ष हलकेच गुंतलेलं नसतं, ते डोळ्यांत तेल घालून पहारा देत असतं. जत, आटपाडीकडं उलट, ढग न येण्याचीच धास्ती. हिरवळ भोवती असूनही तिथं विसावा नसतो, कारण त्या हिरवळीवर घर चालतं.

म्हणून शेतकऱ्याला ‘निसर्गात जा’ सांगणं हा मला उद्धटपणा वाटतो. त्याला आधी दर, पाणी आणि विमा मिळायला हवा. त्यानंतर त्याच्यासाठी अशी जागा हवी, जिच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा नाही. बांधावरचं जुनं आंब्याचं झाड, देवळामागचा ओढा, किंवा सागरेश्वर. देवराष्ट्र्याजवळच्या या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं माणसांनी झाडं लावली, वाढवली, हरणं सोडली. १९८५ साली ते अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं आहे. कुणाच्या पट्टीत त्या जंगलाचा रुपया जमा होत नाही, म्हणूनच तिथं शेतकऱ्याचंही मन उतरतं.

दुसरा अवघड प्रश्न पुराचा. ज्या कृष्णेच्या काठी मन निवतं, तिनंच २००५, २०१९ आणि २०२१ साली घरं बुडवली. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गोठ्यातली जनावरं सोडून पळावं लागलेल्या माणसाला, माळ्यावर रात्र काढलेल्या लेकरांना पुढच्या जुलैत नुसत्या पावसाच्या आवाजानं घाम फुटतो. हे भित्रेपण नव्हे. शरीरानं तो आवाज धोक्याशी जोडून ठेवलाय. अशा माणसाला ‘चल, नदीवर जाऊ, बरं वाटेल’ म्हणून भर पावसात ओढून नेऊ नये. जानेवारीत, पाणी तळाला असताना, घरच्या कुणाच्या सोबतीनं, त्याला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच जवळ जावं. पावसाळ्यात व्हॉट्सॲपवरच्या अफवांऐवजी दिवसातून ठरलेल्या वेळी अधिकृत पाणीपातळी बघावी. आणि महिनोन् महिने तीच दृश्यं डोळ्यांपुढं येत असतील, झोपेतून दचकून उठणं थांबत नसेल, तर त्यावर उपचार आहेत, ते घ्यावेत.

नातं असतं तिथं दुःखही येतं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड २०२० साली महामार्गासाठी तोडला जाणार होता. लोक उभे राहिले, रस्त्याची आखणी बदलली, वड वाचला. दोन वर्षांनी तो उन्मळून पडला, तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं लोकांना वाटलं. असं वाटणं हा दुबळेपणा नाही. त्या जागेशी मन जोडलेलं होतं याचीच ती खूण.

जिथं झाड पुरत नाही

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नसेल, भूक-झोप उडाली असेल, अंथरुणातून उठणंच होत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो आजार असू शकतो आणि आजाराला डॉक्टर लागतो. फिरणं त्याच्या सोबतीला चालतं, बदल्यात नाही. गोळ्या चालू असतील, तर ‘आता मला बागेत बरं वाटतंय’ म्हणून मनानं बंद करू नयेत. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येतं. नैराश्यातल्या माणसाला ‘बाहेर पड की जरा’ असं टोचून बोलण्यापेक्षा चप्पल घालून दारात उभं राहावं आणि म्हणावं, ‘मी कोपऱ्यापर्यंत चाललोय, येतोस का?’ नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

मोकळा प्लॉट

शेवटचा अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या गुंठेवारीत उद्या करता येईल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात अभ्यासकांनी ५४१ पडीक प्लॉट निवडले. काही साफ करून तिथं हिरवळ आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. काही फक्त साफ केले, काही तसेच ठेवले. कुठल्या प्लॉटचं काय करायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१८ साली निष्कर्ष आले: हिरव्या केलेल्या प्लॉटशेजारी राहणाऱ्यांत खिन्न वाटण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईनं तसा ठोस फरक दिसला नाही. गरीब वस्त्यांत फायदा सर्वांत जास्त होता.

सांगली, मिरज, कुपवाडच्या उपनगरांत असे प्लॉट गल्लोगल्ली आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी तुंबतं, एरवी कचरा. आमराईपर्यंत रिक्षानं जाणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दारासमोरच ही जमीन पडून आहे. मालकाची परवानगी, एक दिवसाचा जेसीबी, रोपवाटिकेतली पुरुषभर उंचीची करंज, कडुनिंब, जांभळाची रोपं, एवढ्यावर सुरुवात होते. रोपं जूनमध्ये उत्साहानं लागतात आणि मार्चमध्ये वाळतात, म्हणून पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे घरांची नावं लिहून आधीच ठरवावं. आणि एक बाक, एक दिवा हवाच. कामावरून उशिरा सुटणाऱ्या बायका अंधारात अशा जागी थांबत नाहीत आणि दिवसभर सगळ्यांची दारं धरून दमलेल्या असतात त्याच.